आभाळाची पैसेवारी

आमच्या गल्लीतल्या एका लग्नात पत्रावळी किती आणायच्या, हे ठरवायला पटवारीकाकांना बोलावलं. काकांनी सगळं विचारून घेतलं. वऱ्हाड कुठून येणार, तिथी कोणती, त्या दिवशी तालुक्यात आणखी लग्नं किती, आचारी कुठला. मग डोळे मिटले, तळहातावरची तंबाखू दोन बोटांनी थोपटली आणि म्हणाले, "आठशे. अधिक-उणे चारशे."

पोरीचा बाप जरा वेळ गप्प बसला. "काका, म्हंजे चारशे आणू का बाराशे?"

"ते मले काय विचारता? आकडा आठशेच हाये. चारशे हे माह्यं इमान हाये."

बापाने मधला मार्ग काढून हजार आणल्या. जेवून गेले साडेअकराशे. शेवटच्या पंगतीला पत्रावळी संपल्या, पोरं केळीच्या पानांसाठी सायकली घेऊन पळाली, आणि काका मांडवाच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समाधानाने सांगत होते, "अंदाजात बसलं बरं का. बाराशेच्या आत हाये."

आमचं ढाणकी यवतमाळ जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात. खाली पैनगंगा, नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. यवतमाळपेक्षा आम्हाला नांदेड जवळ, त्यामुळे आमची बोलीही वऱ्हाडी की मराठवाडी हे कुणी विचारू नये. काका म्हणतील, वऱ्हाडी, अधिक-उणे तीस टक्के. त्यांच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे. पाच वर्षं मी हे 'अधिक-उणे' ऐकतो आहे. आमच्याकडे तलाठ्याला पटवारी म्हणतात. सरकारने अलीकडे तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' केलं, पण एवढं लांबलचक नाव कोण घेणार? काका निवृत्त झाले तरी पटवारीच राहिले.

उभी हयात त्यांनी उमरखेड-महागावच्या साझ्यांवर घालवली. सातबारा, आठ-अ, फेरफार हे सगळं केलंच, पण त्यांचा जीव रमला तो पैसेवारीत. ज्यांना शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांगल्या वर्षी जेवढं पिकतं ते शंभर पैसे धरायचं आणि यंदा त्यातले किती पैसे पिकलं ते सांगायचं. पन्नासच्या वर आकडा गेला की सरकारच्या लेखी गाव सुखी. पन्नासच्या खाली आला की सवलतींचं दार किलकिलं होतं. आमच्याकडे खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर. म्हणजे पहिला आकडा निघतो तेव्हा कपाशी झाडावरच असते. तो आकडा नजरेने काढायचा. नावातच नजर आहे.

काकांची नजर मी लहानपणी पाहिलेली आहे. ते धुऱ्यावर उभे राहायचे. डाव्या हाताची झापड कपाळावर. शेतकरी एक पाय मागे घेऊन शेजारी, निकाल ऐकायला उभा असल्यासारखा. काका डबीतला चुना काढायचे, तंबाखू मळायला लागायचे, मळता मळता एका झाडाची बोंडं मोजायचे, दोन झाडं सोडून तिसऱ्याची मोजायचे, पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत एकदा नजर फिरवायचे आणि चिमूट दाढेखाली गेली की म्हणायचे, "बावन्न." तंबाखू मळायला जितका वेळ, तितकाच पैसेवारीला. त्या काळात 'अधिक-उणे' नव्हतं. बावन्न म्हणजे बावन्न. दोन पैशांनी गावाचं काय होतं, ते शेतकऱ्याला माहीत असे आणि काकांनाही.

२०२० च्या उन्हाळ्यात, ऐन कोरोनात, काका निवृत्त झाले. निरोप नाही, शाल नाही, नारळ नाही. दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन तोंडाला रुमाल बांधून घरी आले. आणि सप्टेंबर उजाडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी 'यंदा किती?' असं विचारलं नाही. काकू सांगतात, त्या पंधरवड्यात ते अंगणातल्या तुळशीची पैसेवारी काढायचे.

अशा मनःस्थितीत त्यांच्या हाती एक वर्तमानपत्र पडलं. बातमी पुण्याची होती. 'आयुका'तले शास्त्रज्ञ कनक साहा आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रहावरच्या दुर्बिणीतून ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरची एक दीर्घिका अतिनील प्रकाशात पाहिली. उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला २८ सप्टेंबर २०१५ ला. काका ताडकन उठून बसले. "अठ्ठावीस सप्टेंबर! नजरअंदाजाच्या दोन दिवस आधी!" पुढे वाचलं तर त्या दीर्घिकेची पाहणी झाली २०१६ च्या ऑक्टोबरात, अठ्ठावीस तासांची. "हे सुधारित झालं!" आणि निष्कर्ष छापून आला २०२० च्या ऑगस्टात. इथे मात्र ते दुखावले. "पाहणीले अठ्ठावीस तास, आकड्याले पावणेचार वर्षं. आमाले चार दिवस कोणी देल्ले नाईत."

काकू आतून म्हणाल्या, "अती नीळ कायची? पांढऱ्या कपड्याले अती नीळ टाकली की डाग पडते."

काकांच्या शाळेत या किरणांना जंबुपार म्हणत. जांभळ्याच्या पलीकडचे. डोळ्यांना न दिसणारे. काकांना ते फार आवडलं, कारण नोकरीत बहुतेक गोष्टी त्यांनी न पाहताच नोंदवल्या होत्या. हे वाक्य माझं नाही, त्यांचंच आहे.

दुसऱ्या दिवशी ते फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरात शिरले. त्या दुर्बिणीचा आरसा अवघा अडतीस सेंटिमीटरचा, असं कुठेतरी वाचलं होतं. काकूंची कणीक मळायची परात मोजली. अडतीस भरली, अधिक-उणे एक. मग ती परात घेऊन काका गल्लीभर फिरले. "पाह्यलं का? एवढीशी परात. अमेरिकेच्या हबलचा आरसा दोन मीटर चाळीस. पण त्याले ते दिसलं नाई, आपल्या परातीले दिसलं! काहून? तर हबलच्या यंत्रात अतिनीलची खरखर जास्त, आपल्या यंत्रात कमी. उजेडाचा कण न् कण मोजते." यात अतिशयोक्ती नाही, खरंच तसंच घडलं होतं. कणीक त्या दिवशी ताटात मळली गेली.

तेव्हापासून काकांना गुरू सापडले असं म्हणता येईल. पुस्तकं मागवली, नारळीकर वाचून काढले, पुतण्याकडून मोबाइलवर व्याख्यानं लावून घेतली. आणि त्यांच्या असं ध्यानात आलं की जगात एक अख्खी जमात आहे, जी रात्रभर नुसता उजेड पाहते आणि सकाळी सांगते की या दीर्घिकेत माल किती, पीक किती, वय काय. शेतात पाय न ठेवता! ठेवणं शक्यच नाही. पैसेवारीच ती. फरक एकच, आणि तोच काकांच्या काळजात घुसला. ही माणसं आकड्याशेजारी लिहून ठेवतात की आम्ही एवढ्याने चुकलो असू. दुपटीने चुकलो असू असंही लिहितात आणि तरी त्यांना कुणी निलंबित करत नाही.

आता गच्चीवरचा भाग. आमच्याकडे वीज गेली की लोक महावितरणला फोन करतात. काका चटई घेऊन गच्चीवर जातात. भिंतीला भिंत असल्यामुळे माझी सुटका नसते. डिसेंबरात रात्री नऊ-दहाच्या सुमाराला ते दक्षिणेकडे, पैनगंगेपल्याड हिमायतनगरच्या बाजूला बोट करतात. क्षितिजापासून चाळीस-बेचाळीस अंश वर. "तिथं हाये ते." तिथे काहीही नसतं. हबलने ज्या कोपऱ्यात दिवसच्या दिवस टक लावून हजारो दीर्घिका टिपल्या, तोच हा कोपरा, आणि साहांची दीर्घिकाही त्यातलीच. नुसत्या डोळ्यांना मात्र तो आभाळाचा एक मोकळा, काळा तुकडा आहे. पडीत जमिनीसारखा.

"हे पाय," काका सुरू होतात, "मोठा, निळा, तापलेला तारा लई दिवस जगत नाई. आपला सूर्य हजार कोटी वर्षांचा गडी. हे निळे चाळीस-पन्नास लाखात, लई तर काही कोटीत आटपते. अतिनील उजेड त्याईचा. म्हंजे अतिनील दिसलं की समजाव, पीक उभं हाये. चालू हंगाम. न् लाल उजेड म्हंजे कोठीतला जुना माल. दोन्ही मोजले की सातबारा तयार."

मी म्हटलं, "काका, मग आपली आकाशगंगा?"

"कोरडवाहू." त्यांनी तोंड वाकडं केलं. "सालाचे एकदोन सूर्य पिकवते. ते दूरचे पाय. हजार-अकराशे कोटी वर्षांमांगचे. आकारानं आपल्यापेक्षा किती लहान, अंगानं वेडेवाकडे, ढेकळं-ढेकळं दिसणारे, कोठीत माल आपल्या पाव-अर्धा. पण सालाले दहा-वीस-पन्नास सूर्य काढते! काहून? तर ओलीत हाये. थंडा वायू भरपूर. विहिरीले पाणी असलं की दोन एकरवाला पंधरा एकरवाल्याले भारी पडते, तसं."

इसापूरच्या कालव्याच्या टेलाला शेत असलेल्या माणसाला ओलीत म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मला एकदम सगळं समजलं. ही काकांची मोठी खुबी, आणि मोठा धोकाही तोच. ते सांगतात तेव्हा पटतं, घरी येऊन निजलं की शंका येतात.

इतक्या लांबच्या दीर्घिका जवळच्यांच्या गर्दीतून निवडायच्या कशा, हा प्रश्न मी एकदा विचारला. काकांनी मतदारयादी काढली. खरोखरच काढली, ती त्यांच्याकडे असते. "हा माणूस मतदारयादीत हाये. राशनच्या यादीत हाये. घरकुलाच्या यादीत त हायेच हाये. पण पाणीपट्टीच्या यादीत नाई. याचा अर्थ काय?"

"थकबाकीदार?"

"थकबाकीदार यादीत रायते गा! हा यादीतच नाई. म्हंजे हा पुण्याले रायते. लांब हाये." दीर्घिकांचंही असंच आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. हायड्रोजन वायू ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी पिऊन टाकतो, पलीकडे जवळपास काही जाऊच देत नाही. विश्व पसरतं तशा लहरी ताणल्या जातात आणि फार दूरच्या दीर्घिकेची ही कापलेली कड सरकत सरकत जमिनीवरच्या दुर्बिणीला दिसेल अशा रंगात येऊन बसते. मग तीच दीर्घिका लाल काचेतून दिसते, हिरव्या काचेतून दिसते आणि अतिनीलच्या काचेतून बघावं तर गायब. गायब झाली की लांबची. अमेरिकेत चार्ल्स स्टायडेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० च्या दशकात या युक्तीने शेकड्यांनी दीर्घिका हुडकल्या. काका त्यांना 'स्टायडेल साहेब' म्हणतात, आपल्याच मंडळातले असल्यासारखे. साहांच्या दीर्घिकेची गंमत वेगळी. तिथे हायड्रोजनने पिऊन टाकायला हवे होते तेच किरण निसटून आपल्यापर्यंत आले होते. "कालव्याची गळती!" काका हसले. "गळती हाये म्हणून टेलवाल्याले पाणी दिसते. विश्वाच्या सुरुवातीले असंच गळून गळून चहूकडचा वायू तापला म्हणते. उगाच गळतीले नावं ठेवतो आपण."

पण या सगळ्यात काकांना वेड लावलं ते धुळीने.

दीर्घिकेत धूळ असते आणि ती अतिनील उजेड गिळते. जेवढा उजेड आपल्याला दिसतो तेवढाच धरला तर पीक कमी भरतं. म्हणून रंग पाहून धूळ किती ते ताडायचं आणि आकडा वाढवायचा. कधी दुप्पट, कधी चौपट-पाचपट. याला धुळीची दुरुस्ती म्हणतात. आता विचार करा, आयुष्यभर आकडे कमी-जास्त करण्यावरून ज्याने बोलणी खाल्ली, त्याला कुणी सांगितलं की आकडा पाचपट करण्याची एक शास्त्रशुद्ध रीत आहे! काकांनी ती रीत ढाणकीत लागू केली. माझ्या पुतण्याला बारावीला बावन्न टक्के पडले. घरात सुतक. काका पेढे घेऊन आले. "पोराच्या खोलीत टीव्ही हाये, मोबाइल हाये, दोस्त हाये. ही सारी धूळ. दुरुस्ती केली त पंच्याऐंशी होते." पुतण्याने तेव्हापासून काकांचे पाय धरले आहेत. किराणा दुकानदाराने उधारी मागितली तर काका म्हणतात, "तुह्या वहीतल्या आकड्यात धूळ किती?" पंगतीत चौथी पुरी घेताना काकू डोळे वटारतात तेव्हा म्हणतात, "दुरुस्त करून दोनच होते." हे गणित उलटं आहे, धुळीच्या दुरुस्तीने आकडा वाढतो, कमी होत नाही. पण पुरी तोवर संपलेली असते.

धुळीचा दुसरा पेच मात्र खरोखर अवघड आहे. एखादी दीर्घिका लालसर दिसली तर ती म्हातारी म्हणून लाल की धुळीने माखली म्हणून लाल, हे एका रंगावरून कळत नाही. मोठमोठे लोक यात फसतात. याचं प्रात्यक्षिक आमच्या बसस्टँडवर झालं. उन्हाळ्यात उमरखेडहून येणाऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून काका आले. रस्त्याचं काम चालू, खिडकीला काच नाही. उतरले ते भुवयांपासून चपलेपर्यंत लाल. एका शाळकरी पोरीने त्यांचा हात धरून म्हटलं, "आजोबा, सावकाश." काका तिथेच थांबले. लोकांना वाटलं, राग आला. काका म्हणाले, "बेटा, तुवं चुकलं नाई. म्हातारा का धुळकट, हे एका रंगावरून सांगता येत नाई. दोनतीन रंगात पाहाव लागते." मग ते नळावर गेले, तोंड धुतलं आणि परत तिच्यासमोर उभे राहिले. पोरगी म्हणाली, "आजोबाच." तरी काका खूश. निदान धुळीची शक्यता तपासली गेली होती.

स्थळं बघायलाही आता काकांना नेतात. मुलाच्या घरापुढे नवी गाडी, दारावर रंगीत माळा, भिंतीला ताजा रंग. बाकीचे भुलतात. काका खुर्चीत बसून विचारतात, "जुना माल दाखवा." त्यांचा सिद्धान्त असा की नव्या ताऱ्यांचा झगमगाट जुन्या ताऱ्यांना झाकून टाकतो, आणि दीर्घिकेचं खरं वजन जुन्यांमध्ये असतं. म्हणून ते मागच्या दाराने जाऊन कोठा बघतात, बैलांची दावण बघतात, आजीशी बोलतात. या एका बाबतीत काका आजवर चुकलेले नाहीत. मोडलेली तीन लग्नं त्यांच्या खात्यावर आहेत आणि तिन्ही मुलींचे बाप त्यांना दिवाळीचा फराळ पाठवतात.

अतिनीलच्या नादात त्यांनी नोटा तपासायची निळी विजेरी मागवली. नोटा त्यांच्याकडे तपासण्याइतक्या नसतातच. पण एका रात्री काकूंच्या माठाच्या तिवईखाली ती विजेरी पडली आणि तिथे हिरवट, चकाकता विंचू बसलेला. विंचू या उजेडात चमकतो, अंधारात दिव्यासारखा. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा आकाशविज्ञानाचा गौरव केला. आता पऱ्हाटीची मोळी उचलायच्या आधी बायका काकांना बोलावतात, आणि काका विजेरी रोखून "दोन, अधिक-उणे एक" असं सांगतात. त्या अधिकच्या एका विंचवापायी मोळी अंगणातच राहते.

आणि मग कपाशीचं झालं.

काकांची स्वतःची दोन एकर आहे, रस्त्यापासून आत, नाल्याच्या पलीकडे. एका वर्षी त्यांनी तिथे प्रकाश सापळा लावला. निळसर दिवा, खाली पाण्याचं टोपलं, पाण्यात थोडं रॉकेल. रात्री किडे उजेडाकडे येतात आणि पाण्यात पडतात, हे कृषी खातंही सांगतं. काका रोज सकाळी टोपल्यातले किडे मोजून वहीत लिहायचे. रकाना आखलेला, तारीख, आकडा, अधिक-उणे. पतंग कमी, बोंडअळीचे तर अगदीच मोजके. सप्टेंबरअखेरीस त्यांनी धुऱ्यावर उभं राहून तंबाखू मळली आणि स्वतःच्या शेताची पैसेवारी जाहीर केली. "बासष्ट. अधिक-उणे पाच." मला मुद्दाम ऐकवली.

दसऱ्यानंतर वेचणीला बाया गेल्या. वरून हिरवीगार, भरलेली बोंडं. फोडली की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा, कवडीचा. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड नीट दिसतं. आत बसलेल्या अळीला उजेडाशी काय देणंघेणं? शेताची पैसेवारी वीसही भरली नसती.

मला वाटलं, काका आता 'धुळीची दुरुस्ती' करतील. ते गच्चीवर आले नाहीत. चार दिवसांनी आले, चटई न घेता. कठड्याला टेकून उभे राहिले.

"स्टायडेल साहेबाचंही हेच झालं होतं," ते म्हणाले. "अतिनीलमध्ये दिसल्या तेवढ्या दीर्घिका मोजल्या. मोजणी बरोबर, पण जे उजेडात आलं त्याचीच. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला हवाईच्या डोंगरावरून दुसऱ्याच लहरींत पाह्यलं, तवा दिसलं का काही दीर्घिका धुळीत पार बुडलेल्या. सालाले शेकड्यानं तारे पिकवून रायल्या, न् अतिनीलच्या वहीत त्याईचं नावच नाई. धुळीची दुरुस्ती त्यालेच करता येते, जो थोडा तरी दिसते. जो दिसतच नाई त्याले काय गुणाव?"

मी काही बोललो नाही. खाली रस्त्याने उशिराची एक जीप गेली.

"मी पाहणी जीपवरून करो," काका म्हणाले. "साहेब सोबत असले की डांबरी सोडून उतरता येत नसे. रस्त्याकडची शेतं. तिथं माणूस जरा नीट पिकवते, चार लोक पायते म्हणून. नाल्यापलीकडं पाऊस पडला की गाडी जात नसे. तिकडची पाटी मी इकडूनच भरो. बावन्न. चोपन्न. एकावन्न."

मग बराच वेळाने म्हणाले, "पन्नासच्या खाली किती राहिले असतीन?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला की आभाळाला, हे मला कळलं नाही. पण पहिल्यांदाच त्यांनी आकड्याचा प्रश्न विचारून स्वतः उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या सकाळी ते धुतलेला सदरा घालून उमरखेडच्या गाडीत बसले. सोबत टाइप केलेला अर्ज, तीन प्रती. मला वाचायला दिला होता. मायना, विषय, संदर्भ, सगळं जुन्या वळणाचं. विषय असा: 'पीक पैसेवारीच्या नमुन्यात आकड्यापुढे अधिक-उणेचा रकाना वाढविणेबाबत, तसेच पाहणी न झालेल्या शेतांची संख्या वेगळी दर्शविणेबाबत.' संदर्भाच्या जागी शासन निर्णयाचा क्रमांक असतो; काकांनी तिथे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२० मध्ये छापलेल्या निबंधाचा उल्लेख केला होता. सोबत जोडपत्र म्हणून प्रकाश सापळ्याच्या वहीची झेरॉक्स. आवक खिडकीवरच्या कारकुनाने जोडपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "काका, हे किडे कोणाचे?"

"माह्ये," काका म्हणाले.

पोच मिळाली. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ती काकांच्या पाकिटात, काकूंच्या फोटोमागे घडी करून ठेवलेली आहे. उत्तर किती दिवसांत येईल असं विचारलं तर ते तीस दिवस सांगतात. अधिक-उणे किती, ते सांगत नाहीत.